लेकरांचा खर्रा

परवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केवळभाऊचा फोटो आला. गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची ही भलीमोठी रांग. 'देवमाणूस गेला', 'गावाचा आधार हरपला', 'मनमिळाऊ स्वभाव'. आमच्या हेडसरांनी तर चार ओळींची कविताच टाकली, 'स्वर्ग' आणि 'मार्ग' असं यमक जुळवून. मी काही हात जोडले नाहीत. फोन पालथा घातला आणि भेंडी चिरायला बसले. दोन-चार भेंड्या चिरल्यावर लक्षात आलं, की मी भेंडीवर राग काढते आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी आई सांगायची. बरोबरच असेल तिचं. पण मग माझ्यासारखीनं बोलायचं तरी कधी? तो होता तेव्हा मी त्याला 'अहो केवळभाऊ' म्हणत होते, कारण गावात नोकरी करायची होती आणि त्याच्या ठेल्यासमोरून रोज जायचं होतं. आज मी त्याला 'तो' म्हणणार आहे. मी पहिल्यापासून फटकळ, आणि ह्या एका माणसाला मात्र भांडतानासुद्धा अकरा वर्षं अहो-जाहोच केलं. त्याची भरपाई कुठंतरी व्हायला हवी.

गावाचं नाव लिहीत नाही. अड्याळचा बाजार मागं टाकला, की पुढं एक फाटा लागतो, तिथून आत. ओळखणारे ओळखतील. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते. शाळेच्या पुढ्यातच बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला आणि गुरं पाजायला खोदलेलं लहानसं तळं. आमच्या जिल्ह्यात गावोगाव असतात. बोडीच्या ह्या काठावर शाळेचं फाटक, समोरच्या काठावर केवळभाऊचा पानठेला. फाटकात उभं राहिलं, की पाण्यावरून तो सरळ दिसायचा. निळ्या रंगाचा पत्रा, वर देवाचा फोटो, आणि आत मांडी घालून बसलेला केवळराम.

त्याचं काम खर्रा घोटण्याचं. आमच्याकडचं नसेल त्याला सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका पन्नीवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घ्यायचा, पन्नी दुमडायची आणि लाकडी पाटीवर तळहातानं घासत राहायचं, सुपारी नरम होऊन सगळं एकजीव होईपर्यंत. त्याला घोटणं म्हणतात. त्याचा घोटण्याचा एक ठेका होता. चार वेळा जोरात, एकदा हळू, मग पन्नी फिरवायची. माझ्या पाढ्यांच्या तासाला वारा तिकडून असला, की तो आवाज वर्गात यायचा आणि पोरांचे पाढे आपोआप त्या ठेक्यावर जायचे. मी ओरडायचे. पोरांना कळायचंच नाही, मॅडम कशावर ओरडल्या.

राज्यात खर्ऱ्याला बंदी आहे, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं, पोलीस पाटलालाही माहीत होतं. पोलीस पाटील त्याचं रोजचं गिऱ्हाईक होता.

आता त्याच्याविषयी सगळे सांगतात तेही सांगते, नाहीतर म्हणतील बाई खोटं बोलते. तो सत्तरीचा होता आणि त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, पांढरेशुभ्र. कारण त्यानं जन्मात खर्रा खाल्ला नाही. सुपारीचं खांडसुद्धा नाही. दुपारी जेवल्यावर चिमूटभर बडीशेप, बस. मी एकदा विचारलं, "केवळभाऊ, तुम्ही स्वतः नाही खात?" तर हसून म्हणाला, "नाही जी मॅडम. मले झेपत नाही. डोकं गरगरते." त्याला झेपत नाही आणि चौथीतल्या पोराला झेपतं, हे तो ज्या सहजपणानं बोलला, तो सहजपणा मला आजही सहन होत नाही.

आवाज मऊ. कधी कुणावर चढला नाही. शिवी नाही. बायकांशी बोलताना मान खाली. कुणाच्या घरी मयत झाली, की पहिला हा हजर, बांबू तोडायलाही हाच. शाळेला नळाची तोटी हवी, केवळभाऊ. सव्वीस जानेवारीची जिलेबी, केवळभाऊ. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून आणतात, तेव्हा त्यांना बक्षीस वाटायलाही केवळभाऊ. रांगेत शेवटी एखादं पोर रिकाम्या हातानं उभं असलं, बापानं बैल घेऊन दिलेला नसला, तर त्यालाही तो वही-पेन द्यायचा आणि म्हणायचा, "तुया बैल चरायले गेला का गा?" पोर हसायचं. मीसुद्धा हसले आहे, तिथंच उभी राहून. एवढं चांगलं वागणारा माणूस वाईट आहे, हे स्वतःला पटवायलाच मला तीन-चार वर्षं लागली. गावाला अजून पटलेलं नाही.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी तंबाखूबद्दल काही बोललं, की म्हणायचा, "देवानं तोंड देल्लं तं चघळाले काही तं पायजे." ह्याच्यावर सगळे हसत आणि विषय संपे.

मला लेकरांचा खर्रा कळला तो दुसऱ्या वर्षी. मधल्या सुट्टीत तिसरीतलं एक पोरगं तोंड दाबून बसलं होतं. मी थुंकायला लावलं, तर लाल-तपकिरी काहीतरी बाहेर आलं. मी त्या पोराचा हात धरला आणि बोडीच्या पाळीवरून, काठच्या बांधावरून, तरातरा ठेल्यावर गेले. केवळभाऊ उठून उभा राहिला, मला स्टूल दिलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ह्याला तुम्ही खर्रा दिला?"

"देल्ला जी. पन लेकराईचा देल्ला."

"लेकरांचा म्हणजे?"

त्यानं दोन डबे दाखवले. एखादा शेतकरी कौतुकानं आपलं बियाणं दाखवेल तसे. "हा मोठ्याईचा. आन ह्याच्यात तंबाखू चिमटीभर, सुपारी जास्त, वरतून गोड मसाला. मी का कसाई आहो का मॅडम? लहान जीव आहे, त्याले मोठ्याईचा कसा देऊ? दुसरीकडं गेला तं ते डोळे मिटून देतीन. मी तं पाहून देतो."

म्हणजे आपण पोरांची काळजी घेतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यानं माठातलं पाणी पुढं केलं. उन्हातून आलेली होते, ते पाणी मी प्याले. एवढी चीड येते स्वतःची.

मग सरकारचं पत्र आलं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचं दुकान नको, रेघ आखा, फोटो काढा, 'तंबाखूमुक्त शाळा' असा फलक लावा. मला वाटलं, सुटलो. यार्ड म्हणजे किती, ह्यावर ग्रामपंचायतीत अर्धा दिवस गेला. पण शेवटी मोजणीचा दिवस ठरला. भादवा चालू होता, बोडी काठोकाठ भरलेली. हेडसर, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मी. टेप कुणाकडं नव्हता. टेप केवळभाऊनं आणला, त्याच्या मेव्हण्याकडून, बांधकामाचा, नवाकोरा. रेघ मारायला पिवळा रंगही त्यानंच आणला.

हेडसरांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण केवळभाऊ एकटा नव्हता. हेडसर तंबाखूविरोधी दिनाला असं भाषण करायचे, की माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. भाषण झालं, की पाचवीतल्या पोरीला हाक मारायचे आणि बोट नुसतं बोडीपलीकडं करायचे. पोरीला सांगावं लागत नव्हतं, काय आणायचं ते.

तर मोजणी. फाटकाला टेपचं टोक मी धरलं. बाकीचे टेप घेऊन पाळीवरच्या रस्त्यानं चालू लागले, कारण माणसं जातात तो रस्ता तोच. बोडीला वळसा घालून, आंब्याच्या झाडाखालून, देवळाला उजवी घालून. ठेल्यापाशी पोचले तेव्हा शंभर यार्ड केव्हाच मागं पडले होते. मी इकडून ओरडले, "अहो सर, सरळ मोजा ना. हा काय ठेला, समोर दिसतो."

पाण्यापलीकडून केवळभाऊचा मऊ आवाज आला, "पान्यातून मोजाचं का मॅडम? लेकरं का बदकं होत?"

सगळे हसले. पोलीस पाटील तर खाली बसून हसला. पाण्यातून पोरं जात नाहीत, हे खरंच होतं. पंचनाम्याचा कागद आला, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. नीट वळणदार, शिक्षिकेची सही. पिवळी रेघ देवळाजवळ पडली, ठेला तिच्या बाहेर राहिला, आणि केवळभाऊनं सगळ्यांना चहा पाजला. मी भंडारा जिल्ह्यात जन्मलेली, बोड्यांच्या काठानं वाढलेली बाई. बोडीत पाणी किती महिने असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी सही केली.

होळी झाली, ऊन तापलं, बोडी आटली. तळाचा चिखल वाळून फुटला आणि एका आठवड्यात त्याच्यातून एक पायवाट पडली. फाटकापासून ठेल्यापर्यंत, सरळ, फूटपट्टीनं आखल्यासारखी. लहान लहान पावलांनी पडलेली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, की पोरं पाळीवर वळतच नव्हती. मी फोटो काढला आणि ग्रामसभेत उभी राहिले. केवळभाऊ शांतपणे उठला. म्हणाला, "मॅडमचं बोलनं बरोबर आहे. पन कागदावर ते बोडी आहे. कागदावर सालभर पानीच आहे तिथं. आता कागदावर तुमची बी सही आहे जी."

त्याच पायवाटेनं जाणाऱ्या पोरांत पायल होती. तिच्यासाठी तर हे सगळं लिहिते आहे.

पायल सहावीत होती. बाप नव्हता, आई कमला दुसऱ्यांच्या शेतात कामाला. आणि पोरगी अशी वाचायची म्हणून सांगू. परिपाठात तिची गोष्ट असली, की पहिलीतली पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. राक्षसाचा आवाज निराळा, म्हातारीचा निराळा. मी ठरवलं होतं, हिला तालुक्याच्या कथाकथन स्पर्धेला न्यायचं, तिथून जिल्ह्याला. मला पोटचं पोर नाही. कुणाकुणात जीव अडकतो, त्याला इलाज नसतो.

त्या वर्षी तिनं परिपाठात नाव द्यायचं बंद केलं. विचारलं तर खांदे उडवी. मग एकदा खिचडीच्या पंगतीत पाहिलं, सगळ्यांची ताटं धुऊन झाली तरी ही एकेक शीत उचलत बसलेली. खिचडीत तिखट नावालाही नव्हतं. म्हणाली, "झोंबते मॅडम." मी तिला वर्गात नेलं. आ कर म्हटलं. तिनं केलं. मी म्हटलं, अजून कर. ती म्हणाली, "एवढंच होते."

निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्या शिक्षिकांनी एकमेकींकडं बघून हसत हसत करून पाहिलं होतं. मी पायलला तिचीच बोटं घालायला लावली. दोन गेली, तीही ओढूनताणून. गालाच्या आत पांढरट पट्टे दिसत होते.

"कधीपासून खातेस?"

"चौथीपासून. पन लेकराईचाच खातो मॅडम, मोठ्याईचा नाही."

कमलाला बोलावलं, तर ती तोंडात खर्रा धरूनच आली. मी तिच्यावर तोंड सोडलं. तीही काही ऐकून घेणारी नव्हती. म्हणाली, "रोवण्याच्या दिवसात मालकच हातावर ठेवते जी. खर्रा देल्ल्याशिवाय बाया बांदीत उतरत नाही. दिवसभर वाकून धान रोवाचं, मंग भूक कायनं माराची? पोट्टी सुट्टीच्या दिवशी संगं येते, तिले अर्धा देतो." धानाच्या चिखलात कंबर मोडेपर्यंत वाकलेल्या बाईला शहाणपण शिकवायला माझी कंबर कधी वाकलेली नव्हती. पण केवळभाऊ काही धान रोवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पायलला घेऊन ठेल्यावर गेले. ठेल्यावर चार माणसं होती. मी तिला पुढं केलं आणि म्हटलं, "तोंड उघड. दाखव केवळबाबाला." पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला आजही शरम वाटते. पण तिनं उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

केवळभाऊचा हात थांबला. तो ठेल्यातून खाली उतरला, चष्मा लावला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते, मी जवळून पाहिलं. "माय वो," म्हणाला. "मी तं कमीच देत होतो."

मग त्यानं देवाच्या फोटोला हात लावला. "आन घेतो मॅडम. ह्या पोरीसाठी माया हात आता पन्नीले लागनार नाही. कधीच नाही."

"आणि बाकीची पोरं?"

तो खरोखर गोंधळला. "त्याईचं तोंड तं उघडते ना जी?"

त्या दिवशी मी ठरवलं, की हा ठेला इथून हलवायचा. मग मी अर्ज केले. एकावर एक, वरपर्यंत. हेडसर माझ्याशी बोलेनात. गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या; देवमाणसाच्या मागं लागलेली बाई मी. वर्षभरानं, पुढच्या चैत्रात, दोन साहेब मोजायला येणार असं पत्र आलं. बोडी ठणठणीत कोरडी होती. मी खुशीत होते. टेप सरळ धरायचा, एवढंच काम.

तीन दिवस आधी बोडीत पाणी दिसायला लागलं. केवळभाऊनं आपल्या बोअरची मोटर लावून पाइप बोडीत सोडला होता. दिवसभर, सलग. गुरं धावली, म्हशी उतरल्या, बायका धुणी घेऊन आल्या. गावानं त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं राहिलं होतं. भर उन्हाळ्यात मुक्या जनावरांसाठी पाणी सोडणारा माणूस, ग्रुपवर फोटो, हात जोडलेले. आणि मी शाळेच्या फाटकात उभी राहून त्याला शिव्या देत होते, मनातल्या मनात, सगळ्या येतील तेवढ्या.

साहेब आले. एक फाइलवाले, एक पोलीस ठाण्यातले. फाइलवाल्यांनी बोडी पाहिली, पंचनामा पाहिला, म्हणाले, "मॅडम, पाणी आहे की हो. रस्त्यानंच मोजावं लागेल." पलीकडं केवळभाऊ हात जोडून उभा.

मी चपला काढल्या. पदर खोचला. टेपचं टोक पायलच्या हातात दिलं, फाटकाला धरून उभी राहा म्हटलं, आणि पाण्यात उतरले. गुडघ्याएवढंच होतं, पण खाली चिखल पाय ओढत होता. मधेच म्हैस आडवी आली, तिला हाकललं. काठावर लोक जमले, कुणी हसलं, कुणी म्हणालं मॅडमचं डोकं फिरलं. ओल्या साडीनं मी ठेल्याच्या पाटीला टेप लावला आणि तिथून ओरडले, "या साहेब, वाचा." साहेबांना यावं लागलं. शंभर यार्डांच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरलं. पोलीसवाले साहेब हसत म्हणाले, "लिहा हो. बाई चालून आली, म्हणजे रस्ता आहे."

केवळभाऊनं काय करावं? त्यानं आतून स्टूल आणलं, खांद्यावरचा दुपट्टा मला दिला आणि म्हणाला, "बसा मॅडम. पाय पुसून घ्या, चिखल वाळला का खाजते." मला त्याला मारावंसं वाटलं.

आठ दिवसांत ठेला ट्रॅक्टरवर चढला. भांडण नाही, तक्रार नाही. तो फाट्यावर गेला, बसथांब्याजवळ. नवीन जागी पूजा झाली, नारळ हेडसरांनी फोडला. शाळेला 'तंबाखूमुक्त' फलक मिळाला आणि त्याच्या फोटोत मीही आहे, सगळ्यांत पुढं, हसणारी. मला वाटत होतं, जिंकले.

पायलला मी तिचं तोंड पाहिलं तेव्हापासूनच दर महिन्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेत होते. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता: कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जबडा ताणायचा, जमलं की एक काडी वाढवायची. सातवीचं वर्ष ती रोज शाळेत माझ्यासमोर बसून ते करायची, डोळ्यांतून पाणी काढत. एक काडी वाढली, मग आणखी एक. वर्षाच्या शेवटी तिनं मला एक बारीकशी गोष्ट वाचून दाखवली. राक्षसाचा आवाज नीट निघाला नाही, पण तिनं काढून पाहिला. "सोडलं ना गं?" मी विचारायचे. "सोडलं मॅडम," म्हणायची. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवायची मला गरज होती.

आठवीला ती अड्याळच्या हायस्कूलला जाऊ लागली. बसनं. म्हणजे रोज सकाळी फाट्यावर. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मी शाळेसमोरच्या रिकाम्या जागेकडं बघून खूश होते. दवाखान्यात मात्र काड्या वाढेनात. उलट दिवाळीनंतर एक कमी झाली. डॉक्टर पायलकडं बघत आणि माझ्याकडं बघत, आणि मी म्हणायचे, थंडीचे दिवस आहेत, जबडा आखडतो.

केवळभाऊला मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका सकाळी. पायलला घेऊन मी भंडाऱ्याच्या बसमध्ये बसले होते. खिडकीशी ती, इकडं मी, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी. बस फाट्यावर उभी. केवळभाऊ बराच उतरला होता, गालफडं बसली होती. छातीचं काहीतरी निघालं आहे असं मी ऐकून होते. तो ठेल्यातून उठला, काठी टेकत खिडकीपाशी आला. मला हात जोडले. पायलकडं पाहून त्याचा चेहरा उजळला.

"कशी आहेस वो बाई? दवाखान्यात चालली का?"

पायल खिडकीकडं सरकली आणि काहीतरी बोलली. आता तिचे शब्द दातांच्या फटीतून येतात, सवय नसेल त्याला कळत नाहीत. केवळभाऊनं कानामागं हात धरला. "अं? जोरानं बोल."

तिनं पुन्हा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. दोन वर्षं मी तिचं तसलं बोलणं ऐकत आले होते. माझ्या मनात एकच होतं, ह्याला कळू नये, बस सुटावी.

"इंजनाचा आवाज आहे माय, आयकू नाही येत," म्हणत तो आणखी पुढं वाकला. खिडकीच्या गजांना त्याचं कपाळ लागलं. तिसऱ्यांदा पायलनं एकेक शब्द निराळा करून म्हटलं, "सांजच्याले येतो. एक ठेवजा."

ह्या वेळी त्याला कळलं. त्यानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्याला देवाच्या फोटोपुढची ती आण आठवली असावी. एवढं मी त्याच्या पदरात टाकते. मग त्यानं गजातून हात आत घातला, पोरीच्या गालावरून फिरवला, आणि तिला म्हणाला, "ठेवतो."

बस सुटली. पायल बाहेर बघत राहिली. अड्याळ गेलं, पुढची गावं गेली, भंडारा आलं, आणि मी मांडीवरच्या पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा लावत बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी आ कर म्हटलं, तेव्हा तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, आणि मी मान दुसरीकडं वळवली.